स्वयंपाकघर जळाल्यावर आधी यादी, मग झाडू

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. कर्ज काढून घेतलेला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मुलगी चार वर्षांची, बाळ आठ महिन्यांचं. मागच्या गुरुवारी संध्याकाळी पुऱ्यांसाठी तेल तापत ठेवलं होतं. आत बाळ रडायला लागलं म्हणून त्या त्याला घ्यायला गेल्या, आणि परत येईपर्यंत कढईनं पेट घेतला होता. नवऱ्यानं बादलीभर पाणी ओतलं, तसा भडका चिमणीपर्यंत गेला. अग्निशमन दल येईस्तोवर ट्रॉल्या, माळा, फ्रिज सगळं गेलं. हॉल आणि बेडरूम काजळीनं काळे झाले. नवऱ्याचा हात भाजला, बाकी सगळे सुखरूप आहेत. आता चौघंही मोठ्या दिरांकडे राहतायत. बँकेनं कर्जाबरोबर कसलासा विमा उतरवला होता, एवढंच माहीत आहे. त्या विचारतात, सर्व्हेअर यायच्या आत घर साफ करून ठेवावं का? 'शॉर्ट सर्किट झालं' असं सांगितलं की पैसे नक्की मिळतात असं ओळखीचे म्हणतात, तसं सांगावं का? नवरा धड बोलत नाही, मुलगी सारखी टेबलाखाली जाऊन बसते, नात्यातलं कुणीतरी बाळाच्या पायगुणाबद्दल बोललं, या सगळ्याचं काय करायचं? आणि शेवटची ओळ: 'सगळं माझ्यामुळे झालं.'

ताई, मी तेवीस वर्षं सर्व्हेअरचं काम करतोय. विमा कंपनीकडे दावा आला की जळालेल्या घरात, दुकानात, गोडाऊनमध्ये जाऊन आग कशामुळे लागली आणि नुकसान किती झालं हे बघायचं, हे माझं रोजचं काम. तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे असं मला वाटतं, आणि वरचे दोन त्याच ओळीतून निघालेत. घर लगेच साफ करावंसं वाटतंय, कारण तो काळा ओटा डोळ्यांसमोर नको आहे. शॉर्ट सर्किट म्हणावंसं वाटतंय, कारण दोष वायरवर गेला तर बरं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आगीच्या विम्यात माणसाची चूक हे दावा नाकारायचं कारण नसतं. कढई गॅसवर विसरणं, इस्त्री चालू राहणं, देवाजवळची समई कलंडणं, घराला लागणाऱ्या आगी अशाच लागतात आणि विमा त्यांच्यासाठीच असतो. पैसे नाकारले जातात ते स्वतः मुद्दाम लावलेल्या आगीला आणि खोट्या माहितीला. म्हणजे तुम्हाला जे लपवावंसं वाटतंय त्यानं दावा बुडत नाही, पण लपवलंत तर बुडू शकतो.

शिवाय ते लपतही नाही. जळालेली भिंत वाचता येते. आग जिथे सुरू होते तिथे तिचा डाग खाली अरुंद असतो आणि वर जाताना पंख्यासारखा पसरतो. तुमच्याकडे त्याचं टोक शेगडीच्या मागच्या टाइल्सवर असणार. शॉर्ट सर्किटनं आग लागली असेल तर तांब्याच्या तारेच्या टोकाला वितळून घट्ट झालेला बारीक मणी बऱ्याचदा सापडतो, आणि मीटरजवळच्या पेटीत त्या लाइनचा खटका पडलेला दिसतो. काही वर्षांपूर्वी हडपसरच्या एका घरात मी असाच गेलो होतो. तुमच्याच वयाचं जोडपं. दोघांनी एका सुरात 'फ्रिजच्या मागे स्पार्क झाला' असं सांगितलं. फ्रिजची मागची बाजू जवळजवळ स्वच्छ होती. शेगडीवरची कढई मात्र तशीच होती, आत तेलाचा डांबरासारखा थर, आणि शेगडीचं ते बटण उघडं. मी कढईकडे बघितलं तेव्हा त्या बाईंनी मान खाली घातली. मी वही मिटली आणि म्हणालो, आधी चहा घेऊ, मग परत पहिल्यापासून सांगा. त्यांनी सांगितलं. तेच लिहिलं, तोच दावा मंजूर झाला. पण त्यांनी पहिलं सांगणं लेखी सही करून कंपनीला दिलं असतं, तर मला ते खोडता आलं नसतं.

'कशामुळे लागली' हा माझा प्रश्न असतो. 'कुणामुळे लागली' हे नातेवाईक विचारतात. हे दोन प्रश्न तुम्ही मनात वेगळे ठेवा. पहिल्याचं उत्तर आहे: तापलेलं तेल, आणि वर तेलकट जाळी असलेली चिमणी. दुसऱ्याचं उत्तर विम्याच्या कुठल्याच कागदावर मागितलेलं नसतं. रडणाऱ्या आठ महिन्यांच्या बाळाकडे आई धावली, यात चूक ती कसली? आणि बाळाचा पायगुण काढणाऱ्यांना घरातल्या मोठ्यानं, म्हणजे तुमच्या दिरांनी किंवा जाऊबाईंनी, एकदाच स्पष्ट शब्दांत गप्प करावं. तसं त्यांना सांगा. ते काम तुमच्यावर पडू नये.

आता तुमच्या यजमानांबद्दल. त्यांनी पाणी ओतलं हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला वाटतं त्यांचं गप्प राहणं त्या एका ओळीत आहे. पेटलेल्या तेलाचं तापमान साडेतीनशे अंशांच्या आसपास किंवा वर गेलेलं असतं. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं, क्षणात वाफ होतं आणि सतराशे पटींच्या आसपास फुगतं. ती वाफ पेटतं तेल उडवत वर येते. भडका आला तो त्यामुळे. गॅस बंद करून कढईवर मोठं झाकण किंवा परात सरकवली असती तर आग बहुधा तिथेच गुदमरली असती. पण हे आपल्याला शिकवलंय कुणी? आग म्हटली की पाणी, हेच लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. त्यांनी एव्हाना मोबाइलवर हे शोधून वाचलं असणार, आणि 'कढईतली आग मी घरभर केली' हे मनात घेऊन ते बसले असणार. तुम्ही समजताय की ते तुमच्यावर रागावलेत. तसं असेलही, मी त्यांना ओळखत नाही. पण जळालेल्या घरांत दोघांपैकी गप्प असलेला माणूस बहुतेक वेळा स्वतःवरच चिडलेला असतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांना एकदा विचारून बघा. तुम्ही तेल ठेवलंत, त्यांनी पाणी ओतलं, दोघांनी मुलांना बाहेर काढलं. तिन्ही गोष्टी एका दमात म्हणा.

आता घर. झाडू मारू नका. निदान अजून नाही.

कंपनीला कळवलं नसेल तर आजच फोन आणि ईमेल दोन्ही करा, आणि दाव्याचा क्रमांक मागून घ्या. मग भरल्या पोटी, मुलांना दिरांकडे ठेवून, दोघंच घरी जा. मास्क, जुने बूट, हातमोजे. दारातून आत शिरलात की डावा हात भिंतीकडे ठेवून खोलीला एक फेरी मारा, एक जण फोटो काढेल, दुसरा लिहील. आधी पूर्ण खोलीचा फोटो, मग भिंतीचा, मग वस्तूचा. ट्रॉली जळाली असली तरी तिच्यापुढे उभं राहून डोळे मिटा आणि हात तिथपर्यंत न्या. हाताला आठवतं. वरच्या खणात चमचे, सांडशी, पोळपाट, खाली कुकर दोन, एक पाच लिटरचा, कोपऱ्यात मिक्सर. हडपसरच्या त्या बाईंना आधी अकरा वस्तू आठवल्या होत्या, असं उभं राहिल्यावर त्यांनी सत्तरच्या वर सांगितल्या. वितळलेल्या मिक्सरच्या बुडाखालची पत्र्याची पट्टी, फ्रिजच्या आतलं स्टिकर, त्यावरचा मॉडेल नंबर टिपून घ्या. बिलं जळाली असतील तर ऑनलाइन खरेदीचा ईमेल, बँकेचं स्टेटमेंट, दुकानदाराकडची दुसरी प्रत, नाहीतर मुलीच्या वाढदिवसाचे त्याच स्वयंपाकघरात काढलेले फोटो चालतात. बारशाचा व्हिडिओ तर नक्की शोधा. त्यात घराचा कोपरा न् कोपरा असतो.

जळालेली एकही वस्तू सर्व्हेअरनं बघेपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. बाल्कनीत एका बाजूला रचून ठेवा. पाऊस आत येत असेल तर खिडकीला ताडपत्री लावा, दार नीट लागत नसेल तर कुलपाची सोय करा. पुढचं नुकसान थांबवायला केलेला खर्च रास्त असतो, त्याच्या पावत्या ठेवा. ज्या सामानाला आगीनं काही झालं नाही पण बंबाच्या पाण्यानं भिजलं, तेही आगीच्याच नुकसानीत मोजतात. लोक ते लिहायचंच विसरतात.

मला ही यादी नुसती दाव्यासाठी करायला सांगायची नाही. 'सगळं गेलं' हे वाक्य माणसाला झोपू देत नाही. सात-आठ पानांची यादी झाली की कळतं काय गेलं आणि काय राहिलं. स्टीलची भांडी राहतात. देवघरातले पितळी देव राहतात. खूप घरांत मी बघितलंय, यादी पुरी झाल्याच्या रात्री त्या माणसांच्या आवाजात फरक पडतो.

आता पैशाचा भाग, आणि इथे खूप काही तुमच्या कागदावर अवलंबून आहे. बँकेनं कर्जाबरोबर उतरवलेला विमा दोन प्रकारचा असू शकतो. एक, कर्जदाराच्या जिवाचा. त्याचा इथे उपयोग नाही. दुसरा, घराचा. शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा, नुसता हप्ता कापल्याची नोंद पुरत नाही. घराचा असेल तर तो फक्त इमारतीचा आहे की सामानाचाही, हे बघा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी देतात. तीत इमारत आणि सामान एकत्र घेतलं असेल तर वेगळी रक्कम न सांगताही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत घरातलं सामान धरलेलं असतं. घर राहण्याजोगं होईपर्यंत दुसरीकडे द्याव्या लागणाऱ्या भाड्याचीही तीत तरतूद आहे. म्हणून दिरांकडे फार अडचण होत असेल तर कंपनीला लेखी विचारून भाड्याचं घर बघा. वायरिंग, नळ, टाइल्स असं कायमचं बसवलेलं इमारतीत जातं. ट्रॉल्या कशात धरायच्या हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं, त्यामुळे त्यांचं वेगळं बिल किंवा सुताराचं कोटेशन तयार ठेवा. इमारतीचे पैसे बँकेच्या नावे जाऊ शकतात, त्याची आधीच विचारणा करा. आणि कर्जाचा हप्ता आगीमुळे आपोआप थांबत नाही. अडचण असेल तर हप्ता चुकायच्या आधी शाखा व्यवस्थापकांना लेखी कळवा.

कागद तीन लागतील. अग्निशमन दलाचा अहवाल (अर्ज करून मिळतो), पोलीस ठाण्यातली अकस्मात जळीतची नोंद, आणि सोसायटीचं पत्र. खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी गेलं असेल तर त्यांना स्वतःहून भेटा, त्यांच्या छताचेही फोटो घ्या. तुमच्या घराच्या पॉलिसीतून त्यांचं नुकसान मिळेलच असं नाही, ते आताच गृहीत धरून बोलू नका.

गॅसबद्दल विचारणारे बरेच असतात, म्हणून सांगतो. सिलिंडर, रेग्युलेटर किंवा नळीतून गळती होऊन आग लागली असेल, तर तेल कंपन्यांनी सगळ्या ग्राहकांसाठी उतरवलेला विमा असतो. त्यात नोंदणी असलेल्या घराच्या नुकसानीला एका घटनेत २ लाखांपर्यंत, आणि मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख अशी तरतूद आहे. तुमच्याकडे आग तेलाची होती, सिलिंडरची नव्हती, त्यामुळे हे लागू होणार नाही. तरी वितरकाला कळवा, आणि उष्णता लागलेली नळी व रेग्युलेटर पुन्हा वापरू नका.

कागदपत्रांचा धसका घेऊ नका. आधार, पॅन परत मिळतात, फ्लॅटच्या नोंदणीकृत कराराची नक्कल दुय्यम निबंधकांकडून मिळते, आणि मूळ करार तर बँकेतच असेल. एका गोष्टीत मात्र घाई नको. डाळीच्या डब्यात पैसे ठेवायची सवय आपल्याकडे खूप घरांत आहे. एका घरी ताईंनी मला काळा पडलेला डबा दाखवला होता. आत पाचशेच्या नोटांची गड्डी, वाळक्या पानासारखी. त्या नोटा सुट्या करायला बसल्या होत्या आणि बोटाला लागेल ती नोट चुरा होत होती. असं काही सापडलं तर हात लावू नका, डबा आहे तसा ठेवा. इतक्या जळालेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात, मुंबईला किंवा नागपूरला, न्याव्या लागतात. तिथे त्या तपासून नियमात बसतील तेवढ्यांचे पैसे देतात.

सर्व्हे झाल्यावर साफसफाई. काजळीवर ओलं फडकं फिरवलंत की ती रंगात आणि लाकडात मुरते. आधी कोरडी काढायची: व्हॅक्यूम भिंतीला न टेकवता, मग कोरडा स्पंज, मग साबणाचं पाणी. वायरचं प्लॅस्टिक जळालं की त्या धुरात आम्ल तयार होतं. ते टीव्ही, राउटर, वॉशिंग मशीनच्या आतल्या धातूवर बसतं. बाहेरून चांगलं दिसतंय म्हणून काहीही चालू करून बघू नका, मेकॅनिकनं उघडून पुसल्यावरच लावा. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून इन्सुलेशन मोजून घ्या, आणि नवीन करताना पेटीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, बसवून घ्या. ओट्यावरच्या स्लॅबचं प्लॅस्टर फुगलं असेल किंवा हातोडीनं पोकळ वाजत असेल, तर रंगाऱ्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. उघडं धान्य, मसाले, औषधं, बाळाची दूध पावडर, प्लॅस्टिकच्या बाटल्या सरळ टाकून द्या, त्यात काटकसर नको. आणि बाळाला घर पूर्ण स्वच्छ होऊन वास जाईपर्यंत तिथे नेऊ नका.

मुलीबद्दल मी समुपदेशक म्हणून बोलू शकत नाही, पाहिलेलं सांगतो. या वयाची मुलं आग-आग खेळतात, भातुकलीची शेगडी पुन्हा पुन्हा विझवतात, अंथरूण ओलं करतात, आईला सोडत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत यातलं बरंच दिसतं. तिला टेबलाखालून ओढून काढू नका. तुम्हीच थोडा वेळ तिच्याबरोबर खाली जाऊन बसा. काय झालं ते तिला तिच्या शब्दांत सांगा: तेल खूप तापलं, ते पेटलं, काकांनी बंब आणला, आता विझलं. ज्या गोष्टीबद्दल घरात कुणी बोलत नाही, तिच्यात आपलाच काही दोष आहे असं लहान मुलांना वाटतं. महिनाभरानंतरही झोप, खाणं सुधारलं नाही तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. आणि तुम्हा दोघांसाठी १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी नंबर आहे, फोन विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. झोप उडाली असेल तर तो फोन करण्यात काहीही कमीपणा नाही.

सर्व्हेअर आला की त्याला फी-बी काही द्यायची नसते, ती कंपनी देते. त्यानं मागितलेले कागद द्या, दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. शेवटी रक्कम कळवून कंपनी सही मागेल, तेव्हा आकडा कसा काढला ते लेखी मागून वाचल्याशिवाय सही करू नका. पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा, तिथे महिन्याभरात निकाल लागला नाही तर विमा लोकपालांकडे; त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, वकील लागत नाही.

दाव्याच्या अर्जात 'आगीचं कारण' असा एक रकाना असेल. त्यात असं लिहा, वेळ तेवढी तुमची घाला: 'संध्याकाळी गॅसवर कढईत तेल तापत असताना बाळ रडल्यामुळे मी बेडरूममध्ये गेले. परत आले तेव्हा तेलानं पेट घेतला होता. पतीनं विझवण्यासाठी पाणी ओतल्यावर आग चिमणीला व कपाटांना लागली. आम्ही मुलांना घेऊन बाहेर पडलो व १०१ ला फोन केला.' फोन दुसऱ्या कुणी केला असेल तर तसं लिहा. सही करण्याआधी हे यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांना त्यात काही बदलावंसं वाटलं तर बदलू द्या.